वाचकांचे प्रश्न : मोबाइल अ‍ॅपमधले तयार आयकॉन

अ‍ॅप बनवणाऱ्या वाचकांनी सिस्टमच्या तयार आयकॉनविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत, मधल्या टिंबांसह आणि अधोरेषांसह लिहायची.

प्रश्न : शोध, कचरापेटी, शेअर असे आयकॉन अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच असतात असं कळलं. ते नेमके कुठे सापडतात? आणि फोल्डरमध्ये दिसणारा एखादा आयकॉन कोडमध्ये घेतला की चूक का दाखवतो?

उत्तर : हे आयकॉन अँड्रॉइडच्या फ्रेमवर्कचा, म्हणजे फोनवर आधीपासून असलेल्या मूळ कोडचा, भाग आहेत. कोटलिन किंवा जावात ‘अँड्रॉइड.आर.ड्रॉएबल’ लिहून पुढे टिंब दिलं की अँड्रॉइड स्टुडिओ सगळी यादी उघडतो. लेआउटच्या एक्सएमएल फाइलमध्ये तेच नाव ‘@अँड्रॉइड:ड्रॉएबल/आयसी_मेन्यू_सर्च’ असं लिहितात. नावाच्या सुरुवातीवरूनच आयकॉन कशासाठी आहे ते कळतं. ‘आयसी_मेन्यू_’ मेन्यूसाठी, ‘आयसी_डायलॉग_’ डायलॉगसाठी, आणि ‘स्टॅट_सिस_’ व ‘स्टॅट_नोटिफाय_’ वरच्या स्टेटस बारसाठी.

चित्रं डोळ्यांनी बघून निवडायची असतील तर एसडीकेच्या (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायच्या साधनसंचाच्या) फोल्डरमध्ये ‘प्लॅटफॉर्म्स’, त्यात तुम्ही उतरवलेली आवृत्ती, त्यात ‘डेटा’, त्यात ‘रेस’ असं आत जा. तिथल्या ‘ड्रॉएबल-एक्सएचडीपीआय’ वगैरे फोल्डरांत चित्रांच्या फाइली असतात.

तुमची चूक इथेच होते आहे. फोल्डरमध्ये फाइल आहे म्हणजे ती सगळ्यांसाठी खुली आहे असं नाही. फ्रेमवर्क काही ठरावीक नावंच जाहीर करतं, बाकीची स्वतःपुरती ठेवतं. ‘आयसी_मेन्यू_सर्च’, ‘आयसी_मेन्यू_डिलीट’, ‘आयसी_मेन्यू_शेअर’, ‘आयसी_डायलॉग_अलर्ट’ खुले आहेत. ‘आयसी_मेन्यू_रिफ्रेश’ आणि ‘आयसी_मेन्यू_होम’ फोल्डरमध्ये दिसतात, पण खुले नाहीत, म्हणून बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडमधून अ‍ॅप तयार होताना, ‘रिसोर्स खासगी आहे’ असा संदेश येतो. ‘@’ नंतर तारांकन टाकून ही अडवणूक चुकवायची युक्ती काही जण सांगतात. ती वापरू नका. जे नाव जाहीरच केलेलं नाही, ते पुढच्या आवृत्तीत राहील याची हमी कुणीच दिलेली नसते, आणि ते नाहीसं झालं तर अ‍ॅप वापरणाऱ्याच्या हातात बंद पडतं.

प्रश्न : मी फक्त खुले आयकॉनच वापरले, तरी एका फोनवर ते वेगळे दिसतात आणि दुसऱ्यावर वेगळे. शिवाय बाकीच्या अ‍ॅपच्या मानाने जुनाट वाटतात. काय करावं?

उत्तर : फ्रेमवर्कचा आयकॉन नावाने मागवला की चित्र तुमच्या अ‍ॅपमधून येत नाही. ते त्या फोनवर असलेल्या अँड्रॉइडमधून येतं. आवृत्ती बदलली की चित्र बदलू शकतं, आणि फोन बनवणारी कंपनीही आपल्या फ्रेमवर्कमध्ये फेरफार करू शकते. जुनाट दिसण्याचं कारणही साधं आहे. ‘आयसी_मेन्यू_’ या घराण्यातले बरेच आयकॉन गूगलची मटेरियल डिझाइन ही रचनाशैली येण्याआधीच्या काळातले, करड्या छटांचे आहेत. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनातच सांगितलं होतं की हे आयकॉन थेट प्लॅटफॉर्मच्या नावाने वापरू नका, त्यांची प्रत आपल्या प्रोजेक्टमध्ये घ्या. आमचंही मत तेच. ‘अँड्रॉइड.आर.ड्रॉएबल’ एखादी कल्पना अर्ध्या तासात चाचपून बघायला ठीक आहे. लोकांच्या हातात जाणाऱ्या अ‍ॅपमध्ये ते नको.

प्रत घ्यायची ती जुन्या पीएनजीची नव्हे, मटेरियल आयकॉनची. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये ‘रेस’ फोल्डरवर उजवी क्लिक करा, ‘न्यू’ आणि मग ‘व्हेक्टर अ‍ॅसेट’ निवडा. ‘अ‍ॅसेट टाइप’मध्ये ‘क्लिप आर्ट’ ठेवा आणि शेजारच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, की शोधपेटीसह सगळा संग्रह उघडतो. आयकॉन निवडून नाव द्या, आकार २४ डीपी (पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं माप) राहू द्या, ‘नेक्स्ट’ आणि ‘फिनिश’ दाबा. फाइल ‘रेस/ड्रॉएबल’मध्ये येते. नावात फक्त लहान रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा चालतात. मोठं अक्षर किंवा आडवी रेघ आली की बिल्ड तिथेच अडतं.

तयार झालेली फाइल एकदा उघडून वाचाच. वर ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ २४ डीपी असतात, म्हणजे पडद्यावरचा आकार. त्याखाली ‘व्ह्यूपोर्टविड्थ’ आणि ‘व्ह्यूपोर्टहाइट’ असतात, म्हणजे चित्र ज्या कल्पित आलेख-कागदावर काढलं आहे त्याच्या चौकटी. जुन्या मटेरियल आयकॉनमध्ये हा कागद २४ बाय २४ असतो, नव्या मटेरियल सिम्बॉल्समध्ये ९६० बाय ९६०. दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये शेजारी नांदतात, त्यात बिघडत काहीच नाही. बिघडतं ते ‘९६० फार मोठं दिसतंय’ म्हणून कुणी तो आकडा २४ केला की. मग रेषा ९६०च्या मापाने काढलेल्या आणि कागद मात्र २४चा, त्यामुळे चित्राचा एक कोपराच पडद्यावर उरतो किंवा काहीच दिसत नाही. आकार बदलायचा तर ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ला हात लावा, व्ह्यूपोर्टला नाही.

आणखी एक. २४ डीपीच्या आयकॉनमध्ये चित्र साधारण मधल्या २० डीपीत बसवलेलं असतं आणि चहूबाजूंनी २ डीपी मोकळी जागा सोडलेली असते. ती वाया गेलेली जागा समजून छाटू नका. गोल, चौकोनी आणि उभे आयकॉन एका ओळीत सारख्याच वजनाचे वाटतात ते तिच्यामुळे.

प्रश्न : गडद थीममध्ये माझे आयकॉन दिसेनासे होतात. म्हणून कोडमधून एकाचा रंग बदलला, तर दुसऱ्या पडद्यावरचा तोच आयकॉनही रंगला!

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं मूळ व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे रेषांच्या सूचनांनी बनलेल्या चित्राच्या फाइलमध्ये, असतं. तिथे ‘टिंट’ म्हणून काळा रंग पक्का लिहिलेला असेल, तर गडद पार्श्वभूमीवर काळ्यावर काळं होणारच. त्या जागी ‘?अ‍ॅट्र/कलरकंट्रोलनॉर्मल’ लिहा, म्हणजे रंग थीमकडून येईल. मात्र असा आयकॉन कोडमधून उचलताना अ‍ॅक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट द्या, संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनचा नको. थीमचा रंग ज्या कॉन्टेक्स्टमधून मागाल त्याच्याच थीमप्रमाणे मिळतो, आणि अ‍ॅक्टिव्हिटीची थीम वेगळी असेल तर रंग चुकतो.

दुसरी गोष्ट दिसायला गूढ वाटते, पण तीही नियमानेच घडते. एकाच रिसोर्समधून घेतलेले सगळे ड्रॉएबल (पडद्यावर काढायची चित्रं) स्मृती वाचवण्यासाठी आतली स्थिती वाटून घेतात. एकाला रंग लावला की तो त्या सामाईक स्थितीला लागतो आणि भावंडंही रंगतात. रंग लावण्याआधी त्या ड्रॉएबलवर ‘म्युटेट()’ बोलवा. त्याने त्याची स्थिती वेगळी होते. रंग फक्त इमेजव्ह्यूपुरता हवा असेल तर लेआउटमध्येच ‘अ‍ॅप:टिंट’ द्या, मग कोडची गरजच उरत नाही.

प्रश्न : नोटिफिकेशनमध्ये माझ्या आयकॉनच्या जागी नुसता पांढरा चौकोन येतो.

उत्तर : अँड्रॉइड ५.०, म्हणजे एपीआय २१ पासून, नोटिफिकेशनच्या छोट्या आयकॉनमधला रंग सिस्टम बघतच नाही. प्रत्येक ठिपका किती अपारदर्शक आहे एवढंच बघते आणि तेवढी आकृती एकाच रंगात भरते. तुम्ही अ‍ॅपचा रंगीत लाँचर आयकॉन दिला असणार. त्याची पार्श्वभूमी पूर्ण भरलेली असते, म्हणून सिस्टमला तो एक सलग चौकोन दिसतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर पांढरी आकृती असलेला २४ डीपीचा व्हेक्टर बनवा आणि ‘सेटस्मॉलआयकॉन’ला द्या. रंगाची छटा हवी तर ‘सेटकलर’ वापरा, आणि रंगीत चित्रच दाखवायचं तर ‘सेटलार्जआयकॉन’ आहे. छोटा आयकॉन वगळता येत नाही. तो नसेल तर नोटिफिकेशन नाकारलं जातं आणि अ‍ॅप कोसळू शकतं.

प्रश्न : जेटपॅक कंपोजमध्ये (अँड्रॉइडचे पडदे कोडने बनवायच्या साधनात) ‘आयकॉन्स.डिफॉल्ट’ लिहिल्यावर थोडेच आयकॉन दिसतात. बाकीचे कुठे गेले?

उत्तर : मूळ संचात नेहमी लागणारे मोजकेच आयकॉन असतात. बाकीचे ‘मटेरियल-आयकॉन्स-एक्स्टेंडेड’ या वेगळ्या लायब्ररीत आहेत. ती जोडण्याआधी मात्र थांबा. त्या लायब्ररीत प्रत्येक आयकॉन पाचही शैलींत कोड म्हणून भरलेला आहे, त्यामुळे ती अवाढव्य आहे. लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये आर-एट हे साधन न वापरलेला भाग काढून टाकतो, पण चाचणीच्या डीबग बिल्डमध्ये सगळं ओझं तुमच्या मशीनवर पडतं आणि बिल्ड रेंगाळतं. शिवाय हा संच आता पुढे वाढवला जात नाही. गूगल स्वतःच मटेरियल सिम्बॉल्सकडे वळायला सांगतं. दहा-पंधरा आयकॉन लागणार असतील तर ते व्हेक्टर फाइली म्हणून घ्या आणि ‘पेंटररिसोर्स’ने दाखवा. अ‍ॅप हलकं राहतं आणि लायब्ररी उद्या थांबली तरी तुमचं काही अडत नाही.

कंपोजचा ‘आयकॉन’ हा घटक चित्राला आपणहून आजूबाजूच्या मजकुराचा रंग लावतो. बहुरंगी चित्र एकरंगी झालेलं दिसलं तर ‘टिंट’मध्ये ‘कलर.अनस्पेसिफाइड’ द्या.

प्रश्न : आयफोनच्या अ‍ॅपमध्ये सिस्टमचे आयकॉन कसे घ्यायचे? माझ्या चाचणीच्या फोनवर सगळे दिसतात, पण जुन्या फोनवर काही जागा रिकाम्या राहतात.

उत्तर : आयओएसवर दोन वाटा आहेत. जुनी वाट वरच्या बारमधल्या बटणांची. ‘युआयबारबटनआयटम’ बनवताना ‘बारबटनसिस्टमआयटम’मध्ये ‘.अ‍ॅड’, ‘.ट्रॅश’, ‘.सर्च’, ‘.रिफ्रेश’, ‘.अ‍ॅक्शन’ अशी नावं दिली की बटण तयार होतं. यातलं ‘.अ‍ॅक्शन’ म्हणजे शेअरचं बटण.

मोठी वाट एसएफ सिम्बॉल्सची. हा संग्रह २०१९मध्ये आयओएस १३ बरोबर आला. युआयकिट आणि स्विफ्टयुआय ही आयफोनचे पडदे बनवायची दोन साधनं. युआयकिटमध्ये ‘युआयइमेज(सिस्टमनेम:)’ आणि स्विफ्टयुआयमध्ये ‘इमेज(सिस्टमनेम:)’ लिहून कंसात नाव द्यायचं. नावं चित्राचं वर्णन करतात, कामाचं नाही. शेअरचा आयकॉन ‘शेअर’ या नावाने सापडत नाही. त्याचं नाव ‘स्क्वेअर.अँड.अ‍ॅरो.अप’, चौकोन आणि वर जाणारा बाण. शोधाचं भिंग ‘मॅग्निफाइंगग्लास’, बंद करायची फुली ‘एक्समार्क’. म्हणून अ‍ॅपलचं एसएफ सिम्बॉल्स नावाचं मॅकवरचं मोफत अ‍ॅप उतरवून घ्या. त्यात कामाच्या शब्दानेही शोध घेता येतो आणि नाव थेट कॉपी करता येतं. पाठांतरावर भरवसा ठेवू नका.

रिकाम्या जागांचं कारण असं. अँड्रॉइडवर आम्ही प्रत घ्या म्हणालो, इथे ते लागू नाही. एसएफ सिम्बॉलचं चित्र सिस्टममध्येच राहतं आणि तुम्ही फक्त नाव पाठवता. दरवर्षीच्या आवृत्तीत नवी नावं येतात, आणि जुन्या आयओएसला ती ठाऊक नसतात. सेटिंगचं साधं उदाहरण घ्या. ‘गिअर’ आयओएस १३पासून आहे, पण ‘गिअरशेप’ आयओएस १४मध्ये आलं. मागे जायचा ‘शेव्हरॉन.लेफ्ट’ १३चा, तर ‘शेव्हरॉन.बॅकवर्ड’ १४चा. नाव सापडलं नाही की ‘युआयइमेज’ निल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करतं. तिथे उद्गारचिन्ह लावून जबरदस्तीने उघडलं असेल तर अ‍ॅप कोसळतं. स्विफ्टयुआय कोसळत नाही. ते रिकामी जागा ठेवतं आणि त्या नावाचा सिम्बॉल सापडला नाही असं कन्सोलमध्ये लिहितं. म्हणून कन्सोल वाचायची सवय ठेवा. टंकनातली चूकही तिथेच सापडते, कारण कंपाइलर या नावांची तपासणी करत नाही. त्याच्या दृष्टीने ती साधी स्ट्रिंग आहे.

उपाय म्हणजे मॅकवरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक सिम्बॉल कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे ते पाहणं, आणि तुमचं अ‍ॅप ज्या सर्वांत जुन्या आयओएसला चालवायचं आहे त्याच्याशी ते ताडणं. नवं नाव हवंच असेल तर ‘इफ #अव्हेलेबल’ लिहून जुन्या आवृत्तीसाठी पर्यायी नाव द्या. सगळी नावं एकाच फाइलमध्ये एका ‘इनम’मध्ये ठेवा आणि त्यातलं प्रत्येक नाव ‘युआयइमेज’ला देऊन निल येत नाही ना, एवढी एक युनिट चाचणी सर्वांत जुन्या सिम्युलेटरवर चालवा. पाच ओळींची चाचणी आहे, पण रिकामं बटण घेऊन अ‍ॅप बाहेर जाण्यापासून तीच वाचवते.

प्रश्न : एसएफ सिम्बॉलला ‘फ्रेम’ने आकार दिला तरी तो मोठा होत नाही. ‘रिसायझेबल’ लावल्यावर होतो, पण शेजारच्या मजकुराशी जुळत नाही.

उत्तर : एसएफ सिम्बॉल चित्रासारखा दिसतो, पण वागतो अक्षरासारखा. त्याला ९ वजनं आणि ३ मापं असतात आणि तो मजकुराच्या बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर टेकतात तिच्यावर, बसतो. म्हणून त्याला आकार फॉन्टनेच द्या : ‘.फॉन्ट(.टायटल)’, आणि किंचित लहानमोठा करायचा तर ‘.इमेजस्केल(.लार्ज)’. युआयकिटमध्ये हेच काम ‘युआयइमेज.सिम्बॉलकॉन्फिगरेशन’ करतं. ‘रिसायझेबल’ लावलं की त्याचं अक्षरपण जातं. उरतं फक्त ताणायचं चित्र. वापरणाऱ्याने फोनमध्ये अक्षरं मोठी केली तरी ते वाढत नाही.

असाच एक प्रश्न दुसऱ्या वाचकाने विचारला आहे : टॅब बारमध्ये रिकामं हृदय दिलं तरी भरलेलं का दिसतं? आयओएस १५पासून स्विफ्टयुआयचा टॅब बार आपणहून ‘फिल’ प्रकार निवडतो. नको असेल तर त्या आयकॉनवर ‘.एन्व्हायर्नमेंट’मधून ‘सिम्बॉलव्हेरियंट्स’ला ‘.नन’ द्या.

प्रश्न : फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बनवायच्या साधनात) आयकॉनच्या जागी फुलीचे चौकोन दिसतात. दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये आयकॉन दिसतात, पण रिलीज बिल्ड होत नाही.

उत्तर : फ्लटरचे आयकॉन म्हणजे एका फॉन्टमधली अक्षरं. फॉन्ट सोबत गेला नाही की चौकोन येतात. ‘पबस्पेक’ फाइलमध्ये ‘फ्लटर:’ या शब्दाखाली, दोन जागा आत सरकवून, ‘युजेस-मटेरियल-डिझाइन: ट्रू’ आहे का बघा. आतली मोकळी जागा चुकली तरी ती ओळ नसल्यासारखीच. ‘क्युपर्टिनोआयकॉन्स’साठी ‘क्युपर्टिनो_आयकॉन्स’ हे पॅकेज अवलंबनांत असावं लागतं. बदल केल्यावर हॉट रीलोडवर (न थांबवता बदल दाखवायच्या सोयीवर) विसंबू नका, अ‍ॅप पूर्ण थांबवून पुन्हा चालवा.

रिलीजची अडचण वेगळी. रिलीज बिल्ड करताना फ्लटर फॉन्टमधले न वापरलेले आयकॉन गाळतं, आणि कोणते वापरले हे त्याला बिल्डच्या वेळीच कळावं लागतं. सर्व्हरवरून आकडा घेऊन ‘आयकॉनडेटा’ चालू अ‍ॅपमध्ये तयार केला, तर कोणता आयकॉन लागेल हे ओळखता येत नाही आणि बिल्ड थांबतं. ‘--नो-ट्री-शेक-आयकॉन्स’ लावलं की बिल्ड पुढे जातं, पण अख्खा फॉन्ट अ‍ॅपमध्ये जातो. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरवरून आकड्याऐवजी नाव पाठवा आणि अ‍ॅपमध्ये नाव ते आयकॉन अशी पक्की, ‘कॉन्स्ट’ यादी ठेवा. अनोळखी नाव आलं तर दाखवायचा एक राखीव आयकॉनही त्याच यादीत असू द्या.

प्रश्न : एसएफ सिम्बॉल्स एसव्हीजी करून अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये वापरले तर चालतील का? म्हणजे दोन्ही अ‍ॅप सारखी दिसतील.

उत्तर : नाही. अ‍ॅपलच्या परवान्यानुसार ते अ‍ॅपलच्याच प्लॅटफॉर्मवरच्या अ‍ॅपसाठी आहेत. अ‍ॅपचा आयकॉन, लोगो किंवा बोधचिन्ह म्हणून ते अ‍ॅपलच्या फोनवरही वापरता येत नाहीत. फेसटाइम, आयक्लाउड, एअरपॉड्स यांसारखे काही सिम्बॉल तर फक्त त्या-त्या सेवेचा किंवा वस्तूचा निर्देश करायलाच वापरायचे. दोन्हीकडे एकसारखं हवं असेल तर उलट दिशेने जा. मटेरियल सिम्बॉल्सना अपाचे २.० परवाना आहे, ते आयफोनच्या अ‍ॅपमध्येही घालता येतात. तरीही शेअर आणि मागे जायच्या बाणासारख्या गोष्टी ज्या-त्या प्लॅटफॉर्मच्याच ठेवाव्यात असं आम्हाला मनापासून वाटतं. वापरणाऱ्याचा हात त्या चिन्हांना सरावलेला असतो. फ्लटरमध्ये यासाठी ‘आयकॉन्स.अ‍ॅडॅप्टिव्ह.शेअर’ आहे, ते प्लॅटफॉर्म बघून चित्र निवडतं.

प्रश्न : उर्दूत अ‍ॅप चालवल्यावर मागे जायचा बाण उलट्या दिशेला राहतो. आणि स्क्रीन रीडर माझ्या आयकॉन-बटणांवर नुसतं ‘बटण’ म्हणतो.

उत्तर : उर्दू-अरबीत वाचन उजवीकडून डावीकडे होतं, त्यामुळे दिशादर्शक आयकॉन आरशातल्यासारखे उलटावे लागतात. अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये ‘सपोर्ट्सआरटीएल’ खरं असू द्या आणि व्हेक्टर फाइलमध्ये ‘ऑटोमिरर्ड’ लिहा. कंपोजमध्ये ‘आयकॉन्स.ऑटोमिरर्ड’ या गटातला बाण घ्या. आयफोनवर ‘लेफ्ट’ऐवजी ‘बॅकवर्ड’ नावाचे सिम्बॉल घ्या. पण सरसकट सगळंच उलटवू नका. संगीताचं प्लेचं त्रिकोणी बटण आणि घड्याळ उलटत नाहीत. घड्याळाचे काटे उर्दूतही त्याच दिशेने फिरतात.

स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, त्याला शब्द द्यावा लागतो. अँड्रॉइडच्या व्ह्यूमध्ये आणि कंपोजमध्ये ‘कंटेंटडिस्क्रिप्शन’, स्विफ्टयुआयमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटीलेबल’, फ्लटरमध्ये ‘सिमँटिकलेबल’. तिथे चित्राचं वर्णन नको, काम लिहा : ‘कचरापेटी’ नव्हे, ‘संदेश काढून टाका’. आयकॉनशेजारी तोच मजकूर आधीच लिहिलेला असेल तर कंपोजमध्ये तिथे ‘नल’ द्या आणि स्विफ्टयुआयमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटीहिडन(ट्रू)’, नाहीतर ऐकणाऱ्याला तेच वाक्य दोनदा ऐकावं लागतं. आणि बटणाची स्पर्शाची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट ठेवा. त्यासाठी आयकॉन मोठा करायचा नाही, त्याच्याभोवतीचं पॅडिंग वाढवायचं.